पार्श्वभूमी : कृष्णाकाठचा 'उत्तर भारत'

मिरजेहून म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेलं की कर्नाटक लागतं आणि तिथल्या चर्चवर 'चर्च ऑफ साउथ इंडिया' अशी पाटी दिसू शकते. सीमेच्या अलीकडे सांगली-मिरजेत मात्र 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे सीएनआय. नदी तीच, ज्वारी तीच, पण मधेच उत्तर भारत सुरू! यात भूगोलाचा दोष नाही. दक्षिणेतल्या मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चभोवती जमलेले ख्रिस्ती समाज, १९४७ मध्ये मद्रासला एकत्र आल्या आणि त्यांनी दक्षिणेचं नाव घेतलं. उरलेल्यांची मोट बांधायला २९ नोव्हेंबर १९७० उजाडला. ती नागपूरला बांधली गेली आणि जे दक्षिण नाही ते सगळं उत्तर ठरलं. सीएनआय हे नाव असं आलेलं आहे.

सातारा-सांगलीतल्या ज्या मंडळ्या या पाटीखाली आल्या, त्यांची मुळं दोन वेगळ्या मिशनांत आहेत. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन. त्यांचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले, पुढे नगरला रुजले, आणि १८४९ मध्ये त्यांनी साताऱ्यात ठाणं केलं. साल लक्षात घ्या. आदल्याच वर्षी छत्रपतींचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं होतं. हे कॉंग्रिगेशनल पंथाचे. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते, वर कोणी धनी नाही, असा त्यांचा शिरस्ता. वाईचा मिशन दवाखाना त्यांचाच.

सांगली-मिरजेकडे आले ते प्रेस्बिटेरियन, कोल्हापूरच्या वाटेनं. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि १८७० मध्ये त्यांचं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. इथे वडीलमंडळ आणि त्यावर अनेक मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, म्हणजे जवळपास पंचायतराज म्हणा ना. दोन्ही मिशनं एकमेकांच्या हद्दीत शक्यतो पाय टाकत नसत. त्यामुळे साताऱ्याचा ख्रिस्ती माणूस कॉंग्रिगेशनल आणि मिरजेचा प्रेस्बिटेरियन झाला तो धर्मशास्त्र वाचून नव्हे, तर त्याचं गाव कोणाच्या वाट्याला आलं यावरून. महाबळेश्वर-पाचगणीला साहेबलोकांची अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाची, चर्चेस होती, ती तिसरीच दुनिया.

या सगळ्यात मिरजेची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे. १८८९ मध्ये ते भारतात आले, सुरुवातीला सांगलीत औषधं देत होते, मग मिरजेत गेले आणि १८९४ मध्ये तिथलं हॉस्पिटल सुरू झालं. मिरज तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानातलं गाव, पण पुण्याहून दक्षिणेला जाणारा लोहमार्ग नुकताच तिथून गेला होता. इमारतीसाठी पैसे दिले फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी, आणि त्यांचा कारखाना आगगाडीची इंजिनं बनवणारा! मोतीबिंदूचे पेशंट मैलोन्‌मैल लांबून गाडीनं येत आणि डोळे उघडून परत जात. नर्सांचं शिक्षण, कुष्ठरोग्यांसाठी वेगळा दवाखाना, क्षयरोग्यांसाठी गावाबाहेर मोकळ्या हवेत सॅनेटोरियम, असं काम वाढत गेलं. वानलेसना १९२८ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी त्यांनी मिरज सोडली. सॅनेटोरियमच्या परिसराला लोकांनी वानलेसवाडी म्हणायला सुरुवात केली. आज तिथल्या स्टॉपवर उतरणाऱ्या किती जणांना हे एका डॉक्टरचं आडनाव आहे ते ठाऊक असेल? 'वाडी' लागली की नाव इथलंच होतं. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा विद्यार्थ्यांना पेशंट पाहायला मिळाले ते याच मिशन हॉस्पिटलात. मिरजेला आज डॉक्टरांचं गाव म्हणतात, त्याची सुरुवात इथे आहे.

साताऱ्याचा वाटा दवाखान्याचा कमी आणि भजनाचा जास्त, असं मला वाटतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, जो ख्रिस्ताला मानतो तो दरबारी. मिशनला हे फारसं मानवणारं नव्हतं, आणि १९१९ मध्ये टिळक गेल्यावर दरबारही फार टिकला नाही. पण त्यांची पदं टिकली. रविवारी पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, गीताचा आकडा सांगितला की पेटी-तबल्यावर जे सुरू होतं, त्यात अभंग-ओवीच्या वळणाचं बरंच काही त्यांचं असतं.

आता ऐक्याकडे वळू. कॉंग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' म्हणून एकत्र आल्या होत्याच. १९७० मध्ये त्यांच्याबरोबर अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स आले. तडजोडी बऱ्याच झाल्या. लहान बाळाचा बाप्तिस्मा की जाणत्या वयात घेतलेला? दोन्ही चालतील. मुख्य म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी कधी बिशप पाहिला नव्हता, त्यांना बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचे मुख्य धर्मगुरू, मिळाले. आमच्याकडची जुनी माणसं अजून पंचकमिटीच्या मीटिंगमध्ये बिशपांच्या पत्राला 'वरून आलेला कागद' म्हणतात. पन्नास वर्षांनीही कॉंग्रिगेशनल रक्त उसळतं ते असं.

सीएनआयच्या बोधचिन्हावर तीन शब्द आहेत, ऐक्य, साक्ष, सेवा. त्यातली सेवा सगळ्यात दृश्य आणि सगळ्यात अवघड. शाळा, वसतिगृहं, दवाखाने, नर्सिंगचं शिक्षण हे सारं मिशननं उभारलं आणि परदेशी डॉक्टर, परदेशी पैसा आटल्यावर ते मंडळीच्या अंगावर आलं. दरम्यान गल्लोगल्ली खासगी हॉस्पिटलं झाली. शेदोनशे कुटुंबांच्या मंडळ्यांना एकरांतली आवारं आणि दगडी इमारती सांभाळायच्या आहेत. मग जागांचे वाद, धर्मादाय आयुक्तांकडच्या तारखा. गुजरातच्या ब्रदरन मंडळीच्या खटल्यात २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून जुन्या संस्थेची मिळकत आपोआप सीएनआयची होत नाही. तेव्हापासून जुन्या दप्तरांवरची धूळ सगळीकडेच झटकली जात आहे.

साक्षीचा अर्थही बदलला. पूर्वी चौकातलं कीर्तन आणि शुभवर्तमानाच्या पुस्तिका, आता त्यात हक्कांची भाषा आली. इथले बहुतेक ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजांतले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती राहिले बाहेर. एकाच वस्तीत एका चुलतभावाकडे जातीचा दाखला आणि दुसऱ्याकडे नाही, असं चित्र त्यातून तयार झालं. या सवलती आपल्यालाही मिळाव्यात ही दलित ख्रिस्ती लोकांची मागणी चर्चनं आपली मानली आहे. स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते, पण आमच्या भागात लोक अजून 'पाळकसाहेब' म्हणतात आणि पाळकबाईंना काय म्हणायचं यावर अडखळतात.

बाकी रोजचं काम साधंच आहे. शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, महिला मंडळाच्या गुरुवारच्या प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी, मयताला लागणारी पेटी आणि माणसं. कापणीच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसं, हळदीचे गड्डे, तासगावची द्राक्षं आणि पाय बांधलेल्या कोंबड्या येतात, आणि उपासना संपली की आवारात लिलाव होतो. गेल्या वेळी एक गावठी कोंबडी तीनदा विकली गेली. घेणारा पैसे भरायचा आणि कोंबडी परत टेबलावर ठेवायचा. खजिनदारांनी तिन्ही पावत्या फाडल्या, आणि चौथ्यांदा कोणीतरी बोली सुरू केल्यावर ती दोरी तोडून कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसली.