पीक बदललं, घर बदललं नाही

बेळगावजवळच्या कडोलीकडं आमच्या मामांच्या रानात यंदा टोमॅटो बसला. दुपारच्या उन्हात शेंडे मान टाकायचे, संध्याकाळी परत ताठ व्हायचे, आणि चार-सहा दिवसांत झाडं उभ्या उभ्या वाळली. पानं पिवळी पडायलाही वेळ मिळाला नाही. "फेरपालट केलीय की गा," मामा सांगत होते. "आधी बटाटा, मग मिरची, यंदा टोमॅटो. एकच पीक परत घेतलं न्हाई." शेजारच्या बांधावरून सल्ला आला होता की दृष्ट लागली, काळी हंडी टांगा.

मामांचं खरंच होतं. तीन वर्षांत त्यांनी तीन पिकं घेतली होती. पण मातीतल्या जिवाणूच्या लेखी ते एकच पीक होतं. भाजीपाल्याचं वर्गीकरण हा शेतकी अभ्यासक्रमात पाच गुणांसाठी पाठ करायचा धडा समजला जातो. मामांच्या रानात उभं राहिल्यावर तो धडा किती रुपयांचा आहे ते मला कळलं.

आपण सगळेच भाज्यांचं वर्गीकरण करतो आणि या सीमाभागात तर दोन भाषांत करतो. बेळगावच्या बाजारात कन्नड बोलणारी बाई उळ्ळागड्डी म्हणते, आलुगड्डी म्हणते. बदनीकाई, मेणसिनकाई, सवतीकाई, हिरेकाई म्हणते. जमिनीत गोळा होणारं ते गड्डी आणि झाडा-वेलाला लागणारं फळ ते काई. कोणता भाग खायचा हे तिच्या भाषेत नावातच येऊन बसलंय. शास्त्रातही हीच एक पद्धत आहे: फळभाज्या, पालेभाज्या, कंदभाज्या, शेंगभाज्या. स्वयंपाकाला, साठवणुकीला, वाहतुकीला ती फार उपयोगाची, कारण मेथी आणि बटाटा एकाच पोत्यात भरून चालत नाही.

पण गड्डी या एका शब्दाखाली काय काय लपतं बघा. कांदा म्हणजे पानांचे जाड झालेले बुडखे. रताळं म्हणजे अन्न साठवून फुगलेलं मूळ. आणि बटाटा म्हणजे खोड. पटत नसेल तर एक मोठा बटाटा हातात घेऊन त्याचे डोळे न्याहाळा. प्रत्येक डोळ्याच्या कडेला भुवईसारखी एक बारीक रेघ दिसेल. ती एका खुरटलेल्या पानाची खूण आहे, आणि डोळा म्हणजे त्या पानाच्या बेचक्यातली कळी. फांदीवर पानं जशी गोल फिरत चढतात तसेच हे डोळे बटाट्यावर गोल फिरत शेंड्याकडे जातात आणि शेंड्याशी दाट होतात. रताळ्यावर अशी शिस्त सापडत नाही. म्हणून बटाट्याला 'मूळ' म्हणणं चूक, मग उपवासाच्या ताटात तो रताळ्याशेजारी बसला तरी.

उलटही घडतं. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल बाजारात तीन वेगळ्या भाज्या आहेत. एकीचं पान खातो, दुसरीचा फुलोरा, तिसरीचं फुगलेलं खोड. वनस्पतिशास्त्रात मात्र ती एकच जाती आहे, माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून वेगवेगळ्या अंगानं वाढवलेली.

खरीप, रब्बी, उन्हाळी ही हंगामी वाटणी आपल्या अंगवळणी आहे. एका वर्षात बी धरणारी आणि गाजर-कोबीसारखी बी धरायला थंडी मागणारी, अशीही एक वाटणी आहे. बियाणं पिकवणाऱ्याला तिच्यावाचून चालत नाही. मला सांगायचंय ते कुळाबद्दल, म्हणजे कोणती भाजी कुणाच्या घरातली याबद्दल.

वांग्याचं आणि बटाट्याचं फूल शेजारी ठेवून बघा. तळाशी जोडलेल्या पाच पाकळ्या, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा सुळका. टोमॅटोचं फूल पिवळं, मिरचीचं पांढरं, पण पाचाचा हिशेब तोच. निपाणीच्या तंबाखूचं फूल लांब नळीसारखं असतं, तरी त्याची टोकंही पाचच. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानं १७५३ मध्ये फुलांवरूनच वांगं, बटाटा आणि टोमॅटो एका प्रजातीत, म्हणजे कुळातल्या जवळच्या जातींच्या एका गटात, घातले. १७५४ मध्ये इंग्लंडच्या फिलिप मिलरनं टोमॅटोला वेगळी प्रजाती दिली आणि दोनशेहून अधिक वर्षं तो तिथंच राहिला. विसाव्या शतकाच्या शेवटी डीएनए तपासल्यावर टोमॅटो परत बटाट्याच्या प्रजातीत आला. लिनियसचं निरीक्षण बरोबर ठरलं! मिरची आणि तंबाखू या प्रजातीबाहेरच्या, पण वांगीकुळातल्याच.

मातीतल्या जिवाणूला ही भाऊबंदकी लिनियसच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. राल्स्टोनिया सोलानासिएरम हे त्याचं नाव. १८९६ मध्ये अमेरिकेत एर्विन स्मिथ यांनी त्याचं वर्णन केलं आणि वांगीकुळावरूनच त्याला नाव दिलं. (२०१४ मध्ये त्याचीही तीन जातींत वाटणी झाली, पण इथं जुनं नावच वापरतो.) मुळाला कुठं खरचटलेलं असलं, सूत्रकृमीनं भोक पाडलेलं असलं किंवा नवं उपमूळ फुटताना साल उकललेली असली, की हा आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या गाठतो.

इथं जे होतं ते मला विलक्षण वाटतं. जिवाणू थोडे असतात तोवर ते गप्प असतात. पोहतात, चिकटतात, वाढतात. प्रत्येक जिवाणू एका मेदाम्लापासून बनलेला रेणू थोडा थोडा बाहेर सोडत असतो. नळीच्या बंदिस्त जागेत गर्दी वाढली की हा रेणू साठत जातो. एका मिलिलिटरात साधारण एक कोटी जिवाणू झाले की त्याची पातळी उंबरठा ओलांडते आणि सगळ्यांच्या पेशीत एकच जनुकीय कळ फिरते. पोहणं थांबतं, चिकट बुळबुळीत शर्करेचं उत्पादन सुरू होतं. म्हणजे हे जीव आपली शिरगणती करतात आणि संख्याबळ जमल्यावरच हल्ला चढवतात. त्या चिकट्यानं नळ्या तुंबतात. दुपारी पानांतून पाणी भराभर उडतं, तेवढं वर चढत नाही, म्हणून शेंडा मान टाकतो. रात्री मागणी कमी होते, झाड सावरतं. शेवटी पुरवठा पुरता बंद पडतो आणि पान हिरवं असतानाच झाड जातं. मामांच्या रानात लागलेली 'दृष्ट' ती हीच. हंडी टांगून ती जात नाही, आणि हंडीच्या भरवशावर राहिलेल्या दिवसांत पाटाच्या पाण्याबरोबर रोग पुढच्या सरीत पोचतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. मामांच्या एका झाडाचं बुडाकडचं बोटभर खोड आम्ही कापलं आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात, खालचं टोक बुडेल असं दोऱ्यानं टांगलं. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा बारीक धागा सरळ खाली उतरू लागला. मग दुसरा, तिसरा. तो धागा म्हणजे जिवाणूंची धारच. मर, म्हणजे झाड असं कोमेजून वाळण्याचा रोग, बुरशीमुळे आली असेल तर असा धागा सुटत नाही.

पण भाऊबंदच का सापडतात? हा जिवाणू सुईसारख्या यंत्रणेतून अनेक प्रथिनं झाडाच्या पेशीत टोचतो. काही झाडांकडे त्यातलं एखादं प्रथिन ओळखणारी पहारेकरी प्रथिनं असतात. एका घरातल्या झाडांच्या पेशींची ठेवण मिळतीजुळती, म्हणून एकाला लागू पडलेली टोचलेल्या प्रथिनांची चावी बऱ्याचदा भावालाही लागू पडते. हीच भाऊबंदकी उपायालाही कामी येते. तंबाखूच्या एका ऑस्ट्रेलियन रानटी बहिणीत असं पहारेकरी प्रथिन सापडलं. त्याचा जनुक टोमॅटोत घातल्यावर टोमॅटोनं या मरीला तोंड दिल्याचं संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. तो अजून प्रयोगाचा भाग आहे. पण मर सोसणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम बांधणं आजही चालतं. मक्यावर टोमॅटो बांधू म्हटलं तर जमणार नाही.

कुळ हा एकच निकष पुरेसा आहे असं मात्र समजू नका. हा जिवाणू आलं आणि भुईमूगही धरू शकतो. रोगट बटाट्याच्या बियाण्यातून तर तो वरून निरोगी दिसत घरात येतो. पण फेरपालटीची पहिली चाळणी कुळाचीच लावायची.

पेला ओट्यावर तसाच होता. मामा बराच वेळ त्यातला धागा बघत बसले.

"मग वांगं लावलं तर?"

"तेच घर."

"ढबू मिरची?"

"तीपण."

"मका?"

"मका गवताच्या घरातला. ज्वारी, भातही. दोन-तीन वर्षं तेच घ्या."

"आणि भेंडी?"

"ती कापसाच्या घरातली."

मामांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पेन मागितलं. "आता एकेक भाजी सांग, कुणाच्या घरातली ते. लिहून घेतो."