नवीन फ्रीज घरी आला, आता त्या थर्माकोलचं काय करायचं?

गणेश चवथीच्या आधी आमच्या गोव्यातल्या दुकानात फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन घ्यायला गर्दी होते आणि चवथ संपली की फोन सुरू होतात, अहो ते पांढरं थर्माकोल बाल्कावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, पडून आहे, कचऱ्याची गाडीवाला नेत नाही, भंगारवाला तर बघतही नाही, परसात सुक्या पाल्याबरोबर जाळून टाकू का? नाही, जाळू नका. पण मग करायचं काय, ते प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा लिहूनच देऊया म्हटलं, म्हणून हा कागद प्रत्येक डिलिव्हरीबरोबर देतोय.

सगळ्यात आधी एकच सांगणं: थर्माकोल फोडू नका. पिशवीत मावावं म्हणून लोक पायाने मोडतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. अख्खा तुकडा असेल तर तो परत वापरता येतो, बांधता येतो, आम्हालाही परत घेता येतो. एकदा का मोडला की त्याचे दाणे सुटतात, हाताला चिकटतात, पडद्याला चिकटतात, पंखा लावला की खाटेखाली जातात, आणि केरसुणी मारली की पुढे पळतात. झालंच असं तर झाडू बाजूला ठेवा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या, ते स्टॅटिकमुळे उडत असतात, ओल लागली की गप्प बसतात. कापायचंच असेल तर मोठ्या पिशवीच्या आत हात घालून कटरने कापा, आणि अंगणात उघड्यावर तर अजिबात नको, वारा सुटला की ते दाणे गटारात, तिथून नाल्यात आणि मग मांडवी नाहीतर जुवारी नदीत.

टाकायच्या आधी नीट तपासा

हे आम्ही डिलिव्हरीच्या वेळी सांगतोच पण घाईत कोणी ऐकत नाही. टीव्हीच्या थर्माकोलला खाचा असतात, त्यात स्टँडचे स्क्रू, रिमोट, सेल अशी पुडकी बसवलेली असतात, ती तशीच कचऱ्यात जातात आणि मग आमचा माणूस टीव्ही लावायला आला की शोधाशोध. फ्रीजच्या आत ट्रे हलू नयेत म्हणून टेप आणि फोमचे तुकडे असतात, तेही सगळे काढा. वॉशिंग मशीनचं तर विशेष लक्ष ठेवा, बऱ्याच टॉप लोड मशीनच्या खाली ड्रमला आधार म्हणून थर्माकोलचा एक ठोकळा असतो, तो न काढता मशीन चालवलं तर ते घरभर नाचायला लागतं आणि लोक म्हणतात मशीन खराब दिलं. फ्रंट लोडला मागे ट्रान्झिट बोल्ट असतात, वाटेत ड्रम हलू नये म्हणून लावलेले, ते काढायचे आणि फेकायचे नाहीत, ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचे, घर बदलताना परत लावावे लागतात.

खोका आणि आतले थर्माकोलचे कोपरे किती दिवस ठेवायचे हे सगळेच विचारतात. टीव्हीचे ठेवा, निदान बदलून मिळायची मुदत संपेपर्यंत तरी, कारण पॅनल उभा, आपल्याच कोपऱ्यांत बसवून नेला तर शाबूत पोचतो. फ्रीजचे ठेवायची गरज नाही, आठवडाभर नीट चालला की देऊन टाका. आणि हो, फ्रीजच्या मागे किंवा बाजूला फोम कोंबून ठेवू नका, तिथे हवा खेळायला जागा लागते.

तुमच्याकडे नक्की काय आलंय

सगळं पांढरं म्हणजे थर्माकोल नव्हे. दाणेदार आणि कडक, बोटाने दाबलं की करकरतं ते थर्माकोल, साधारण ९८ टक्के हवा आणि उरलेलं पॉलिस्टायरीन प्लास्टिक, त्यावर कधीकधी त्रिकोणात ६ आकडा असतो, प्लास्टिकचा प्रकार सांगणारा. मऊ, गुंडाळता येणारं, टीव्हीच्या स्क्रीनवर चादरीसारखं असतं ते ईपीई, म्हणजे पॉलिइथिलीनचं, फोमशीट, त्यावर असलाच तर ४ असतो. सफरचंदाला जाळी घालतात ती पण हीच. तिसरा स्पंज, पिवळट किंवा राखाडी, पाणी शोषतो. कुरियरच्या खोक्यात भरलेले हलके शेंगदाण्यासारखे तुकडे आले तर एक पाण्यात टाकून बघा, विरघळला तर तो स्टार्चचा, झाडाच्या बुंध्याशी टाकला तरी चालतो. नाही विरघळला तर प्लास्टिकच.

घरात काय काय होतं याचं

फोमशीट म्हणजे खरं सोनं आहे, टाकूच नका. नॉनस्टिक तवे एकावर एक ठेवताना मध्ये घाला, चवथीची आरास उतरवली की मखराचे रंगवलेले भाग, काचेच्या हंड्या, समया, आरशाचा तुकडा, सगळं यात गुंडाळून माळ्यावर टाकता येतं. पुण्याला मुंबईला मानकुराद पाठवायचे तर पेटीत दोन थरांमध्ये शीट घाला, वरचे आंबे खालच्यांवर दाबत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्या गोव्याच्या पावसात लाकडी कपाट नाहीतर लोखंडी वस्तू फोममध्ये घट्ट गुंडाळून ठेवली की आत ओल अडकते, लाकडाला बुरशी आणि लोखंडाला गंज. पितळही काळं पडतं. त्यामुळे कोरडं पुसून, सैल गुंडाळून, आणि पावसाळ्यात अधूनमधून उघडून बघायचं.

थर्माकोलच्या सपाट पाट्यांचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे थंड ठेवायला. पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला, चारी बाजूंना आणि वर पाट्या बसवा, आत जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात बर्फ आणि मासळी, मडगावच्या बाजारातून फोंड्यापर्यंत आरामात ताजी येते. मासळी पिशवीतच ठेवा, थर्माकोलच्या दाण्यांच्या फटीत पाणी शिरलं की वास जाता जात नाही. गरम भांडं मात्र यात ठेवायचं नाही, उकळतं सांबार ठेवाल तर थर्माकोल मऊ पडून आत दबतं.

कुंडीच्या तळाला थर्माकोल घाला, कुंडी हलकी होते, असं सगळीकडे सांगतात. आमचं मत विचाराल तर नको. जूनच्या वाऱ्यात हलकी कुंडी आधी पडते, मुंग्या थर्माकोल पोखरून घर करतात, आणि दोन वर्षांनी माती बदलायला जाल तेव्हा दाणे मातीत मिसळून बसलेले असतात ते कोण निवडणार. मातीच्या कुंडीचे फुटके तुकडे बरे.

आणि मखर. थर्माकोलची सजावट १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, विकणंही आणि वापरणंही. पॅकिंगचं थर्माकोल त्या यादीत नाही, पण तेच कापून रंगवून मखर केलं की ती सजावटच झाली. वर माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला, कवंडळं, सुपारी, आंब्याचे टाळे आणि खाली थर्माकोलचे खांब, हे आम्हाला तरी बघवत नाही.

दिवाळीला जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटात कोंबायचं हीसुद्धा पोरांची आवडती आयडिया. थर्माकोल जळताना काळाकुट्ट धूर आणि काजळी निघते, स्टायरीनसारख्या वायूंनी डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि वितळून पेटते थेंब खाली गळतात ते कातडीला चिकटतात. पोरांना गवत आणि कागद द्या. कचरा जाळणं तसंही घनकचरा नियमांत बसत नाही, पुरणंही नाही. पेट्रोलमध्ये विरघळवून गोंद करायचे व्हिडिओ फिरतात, ते घरात करून बघू नका, आगीशी खेळ आहे.

टाकायचंच असेल तर

सुका कचरा म्हणून द्या, स्वच्छ आणि कोरडा, ओल्या कचऱ्यात मिसळला की संपलं. तुकडे एकावर एक रचून सुतळीने बांधा, टेप गुंडाळू नका, पंचायतीच्या किंवा पालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवा, आणि मोठा ढीग असेल तर गाडीवाल्याला आधी सांगा. तो नाही म्हणाला तर रागावू नका, या मालाचं वजन घनमीटरला जेमतेम पंधरा-वीस किलो भरतं, गाडी भरते पण काट्यावर काही दिसत नाही, भंगारवाला हात लावत नाही तोही याचसाठी. जिथे मशीनने दाबून नाहीतर वितळवून त्याचे ठोकळे करतात तिथे त्याला किंमत येते, फोटोफ्रेमच्या पट्ट्या वगैरे त्यातून होतात. बाकी जो सुका माल कशालाच उपयोगी पडत नाही त्याच्या गाठी बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जाळायला जातात, तिथली भट्टी प्रचंड तापमानाची असते, परसातल्या आगीशी त्याची बरोबरी नको. खोक्याचा पुठ्ठा वेगळा काढा, तो भंगारवाला आनंदाने नेतो. स्पंजचं कोणी काही करत नाही, पावसाळ्यात बुरशी धरायच्या आत देऊन टाकलेला बरा.

आम्ही काय परत घेतो

न मोडलेले थर्माकोलचे कोपरे आणि फोमशीट, दोन्ही, आमच्याकडून घेतलेल्या वस्तूंचे. दुरुस्तीला जाणारे टीव्ही आम्हाला त्यातच पॅक करावे लागतात, त्यामुळे आम्ही उपकार करतोय असं काही नाही, आम्हालाही ते हवेच असतात. डिलिव्हरीच्या वेळी तिथेच उघडून दिलंत तर टेम्पोवाला लगेच घेऊन येईल, पैसे नाहीत. नंतर द्यायचं असेल तर पावसात भिजू देऊ नका आणि आमचा टेम्पो तुमच्या बाजूला यायचा असेल तेव्हा फोन करा. फोनवर नुसतं "फोम न्या" म्हणू नका, कुठल्या वस्तूचा, किती तुकडे आणि शाबूत आहेत का ते सांगा, टेम्पोत तेवढी जागा ठेवावी लागते.