विटलेलं वेगळं, बाधणारं वेगळं

विटलेलं अन्न ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. आंबूस वास, बुळबुळीत थर, फेस, बुरशी. हे करणारे जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतात आणि अन्न बिघडल्याचं नाकाला कळतं. (बुरशी आलेला मऊ पदार्थ तेवढाच भाग काढून खाऊ नका, तिचे तंतू आतवर गेलेले असतात.)

घोळ होतो तो बाधणाऱ्या अन्नाचा. आजारी पाडणारे जंतू बहुधा निराळे असतात, आणि ते वाढले तरी वास, रंग, चव जशीच्या तशी राहू शकते. त्यामुळे ‘वास घेऊन बघ, ठीक असेल तर खा’ हा सल्ला विटलेल्या अन्नापुरताच खरा. ‘थोडं चाखून बघ’ तर त्याहून वाईट.

भाताचंच बघा. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू (त्याची कडक कवचातली सुप्त रूपं) शिजवूनही तग धरतात. भात पातेल्यात तसाच ओट्यावर राहिला की कोमट झाल्यावर ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करू शकतात. भात दिसायला पांढराशुभ्र, मोकळा. नंतर तो फ्रिजमध्ये ठेवला तर पुढची वाढ मंदावते, पण झालेलं विष तिथेच राहतं. ‘खाताना चांगली वाफ काढली की झालं’ ही समजूत सगळ्यात चिवट. वाफेने जंतू मरतील, हे विष नाही. हातावरून किंवा नाकातून अन्नात येणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूच्या विषाचंही तेच. लिस्टेरिया या जंतूचं मात्र उलट: तो फ्रिजमध्येही वाढतो, पण अन्न आतपर्यंत ७५ अंश सेल्सियस तापलं की मरतो. त्याचा धोका गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना जास्त, म्हणून त्यांना उरलेलं अन्न गारच वाढू नये.

म्हणजे खरं काम फ्रिजच्या आधीचं. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजल्यापासून दोन तासांच्या आत अन्न फ्रिजमध्ये जायला हवं. अख्खं पातेलं ढकलू नका, त्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पसरट डब्यांत, जेमतेम ५ सेंटीमीटर थर होईल असं काढा आणि जोराची वाफ गेली की आत ठेवा. पूर्ण गार व्हायची वाट बघत ते रात्रभर बाहेर ठेवण्याला काही अर्थ नाही.

फ्रिजमधलं तापमान ४ अंश किंवा त्याखाली हवं. नॉबवरचा ४ म्हणजे ४ अंश नव्हे! मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. दार सगळ्यात उबदार, तिथे उरलेलं अन्न नको. डब्यावर तारीख लिहा आणि तीन-चार दिवसांत संपवा. तेवढ्यात संपणार नसेल तर पहिल्याच दिवशी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये टाका. तिथे वाढ थांबते, पण जंतू मरतीलच असं नाही, म्हणून बर्फ वितळवायचा तोही फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही.