लेबलावर अडलेला कायदा

अमेरिकेत निकृष्ट औषधं जप्त करायला सुरुवात झाली ती बंदरांवर. मेक्सिकोच्या युद्धात सैनिकांना भेसळीचं क्विनाइन मिळाल्याची ओरड झाली आणि १८४८ साली आयात औषधं तपासण्याचा कायदा आला. देशातच बनणाऱ्या मालाला केंद्र सरकारने हात घालायला मात्र १९०६ साल उजाडलं.

३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. कृषी खात्यातले रसायनतज्ज्ञ हार्वे वायली त्यासाठी वर्षानुवर्षं झगडत होते. औषधसंहितेतलं (औषधांच्या शुद्धतेचे निकष ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथातलं) औषध तिथल्या कसोटीला उतरलं नाही किंवा लेबल खोटं निघालं, तर कोर्टामार्फत माल जप्त करता येई. या जप्तीच्या खटल्यात आरोपी म्हणून मालाचंच नाव लागे. ‘अमेरिका सरकार विरुद्ध कोका-कोलाची ४० मोठी आणि २० लहान पिंपं’ हा असाच एक गाजलेला खटला. निकाल विरोधात गेला तरी मालकाला खर्च भरून, जामीनपत्र लिहून देऊन माल सोडवून नेता येई. पळवाट तशी ऐसपैसच होती.

१९११ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने कॅन्सरच्या एका रामबाण म्हणवणाऱ्या औषधाच्या खटल्यात सांगितलं, की कायदा घटकांबद्दलचं खोटं पकडतो, गुणांबद्दलच्या थापा नाही. पुढच्या वर्षी गुणांबद्दलच्या खोट्या दाव्यांना बंदी घालणारी शर्ली दुरुस्ती आली, पण तिच्यात फसवणुकीचा हेतू सिद्ध करायची अट होती. ‘माझा माझ्या औषधावर पूर्ण विश्वास आहे’ असं म्हणणाऱ्यापुढे सरकारी वकील काय करणार?

१९३७ मध्ये टेनेसीतल्या मॅसेनगिल कंपनीने सल्फानिलमाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून, रासबेरीचा स्वाद घालून ‘एलिक्सिर’ या नावाने बाजारात आणलं. शंभरावर माणसं दगावली, त्यांत कितीतरी मुलं. निरीक्षक दुकानं, दवाखाने, घरं पालथी घालत बाटल्या गोळा करत फिरले. २४० गॅलनपैकी २३४ गॅलनहून जास्त माल हाती लागला. पण जप्तीला आधार कशाचा? विषाचा नव्हे, लेबलाचा! ‘एलिक्सिर’ म्हटल्यावर त्यात अल्कोहोल हवं; या औषधात ते नव्हतं. विक्रीआधी औषध सुरक्षित असल्याचे पुरावे सरकारला देण्याची सक्ती १९३८ च्या नव्या कायद्याने आली.

आपल्याकडे औषधांच्या चौकशीसाठी नेमलेल्या चोप्रा समितीच्या शिफारशींनंतर १९४० साली औषध कायदा झाला. तरीही १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच डायएथिलीन ग्लायकॉल पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली.