शोजी कुठे, फुसुमा कुठे

नाशिकच्या गंगापूर रोड, शरणपूर रोड, कॉलेज रोड या भागातले साठ-सत्तरच्या दशकातले बंगले हल्ली नव्याने सजवले जातायत. पाडून टॉवर उभा करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. सपाट स्लॅब, लांब छज्जा, मोझॅकची फरशी, सिमेंटची जाळी अशा घरांना जपानी वळण खरंच शोभतं. (मोझॅक उखडून लॅमिनेट टाकू नका, एवढी कळकळीची विनंती.) शोजी आणि फुसुमा ही जपानी घरातली कागद लावलेली सरकती दारं. पण त्यांच्या बाबतीत एक घोळ जिकडे तिकडे दिसतो. चौकोनी पट्ट्यांचं जे काही सरकतं त्याला सगळे ‘शोजी’ म्हणतात आणि जिथे फुसुमा हवा तिथे शोजी बसवून मोकळे होतात.

शोजी तुम्ही पाहिलेली आहे: लाकडी चौकट, बारीक पट्ट्यांची जाळी, एका अंगाला चिकटवलेला पांढरा कागद. फुसुमाचा सांगाडा दोन्ही अंगांनी कागदाच्या थरांनी मढवलेला असतो. पट्ट्या दिसत नाहीत, आणि ओढायला बोटं मावतील अशी खोलगट वाटी असते, तिला हिकिते म्हणतात. दोन्ही खाचेतून सरकतात, दोन्ही उचलून काढता येतात. जपानमध्येही पूर्वी आडोशाच्या सगळ्याच प्रकारांना शोजी म्हणत. उजेड आत घेणारीला वेगळं ‘अकारी शोजी’, म्हणजे उजेडाची शोजी. पुढे नावातला उजेड गळाला आणि नुसती शोजी उरली.

तो गळालेला शब्दच खरा महत्त्वाचा. शोजी खिडकीच्या जातीची आहे आणि फुसुमा भिंतीच्या. शोजीच्या पाठीमागे दिवसाचा उजेड असावाच लागतो. कागद बाहेरच्या अंगाला लावतात, म्हणून आत बसणाऱ्याला उजळ कागदावर पट्ट्यांच्या काळ्या रेघा दिसतात. कोझो नावाच्या तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचे लांब तंतू त्या कागदात असतात. त्यामुळे तो पातळ असूनही चिवट राहतो आणि ऊन पसरवून खोलीभर सारखं करतो. माझ्या मामांच्या घरी पश्चिमेच्या व्हरांड्याकडे अशी शोजी आहे. दुपारी चारला बोगनवेलीची सावली कागदावर येते. कागदाला टेकलेलं पान रेखीव दिसतं, मागची फांदी धुरकट. टिचकी मारली तर डफासारखा आवाज येतो, कारण कागद चिकटवल्यावर त्यावर पाण्याचा फवारा मारतात आणि वाळताना तो ताणला जातो.

हीच शोजी एका ओळखीच्यांनी स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधे लावली. दोन्हीकडे सारखाच अंधुक उजेड, त्यामुळे कागद दिवसभर राखाडी. रात्री ओट्याजवळ उभ्या माणसाची सावली हॉलमधल्या पाहुण्यांना दिसते, आणि फोडणीचा तेलकटपणा वर्षभरात कागदावर उतरला. शेवटी त्यांनी मागे ट्यूबलाइट लावली. तिथे फुसुमाच हवा होता.

कागदाऐवजी दुधी काच हा पर्याय मला मान्य नाही. काच चकाकते, जड होते, आणि ते ताणलेपण तिच्यात येत नाही. कागद फाटतो, हे खरं. पण तो बदलण्यासाठीच असतो: खळ लावायची, नवा डकवायचा. लहान भोकावर जपानी लोक फुलाच्या आकाराचं ठिगळ लावतात, ते सुंदर दिसतं. पाऊस मात्र गंभीरपणे घ्या. तिथे शोजीबाहेर रुंद वळचण असते, ओसरीसारखी एंगावा असते, आणि वादळात लावायची अमादो नावाची लाकडी दारं असतात. आपला दोन फुटी छज्जा जुलैतल्या तिरक्या सरींना पुरत नाही. म्हणून जुनी काचेची खिडकी काढू नका. तिच्या आतल्या बाजूला शोजी लावा. मधल्या हवेमुळे डिसेंबरच्या पहाटे खोली कमी गारठते, हा वरचा फायदा.

उंचीचं थोडक्यात: जपानी सरकत्या दाराची पारंपरिक उंची सुमारे 176 सेंटीमीटर, आपली चौकट सात फुटी. पट्ट्यांचे चौकोन त्या प्रमाणात सुताराकडून आखून घ्या.

फुसुमासाठी हॉल-बेडरूममधली भिंत पाडायला निघाला असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. जपानी घरात भार खांबांवर असतो, म्हणून तिथे भिंत सरकू शकते. आपल्या जुन्या बंगल्यात पुष्कळदा नऊ इंची विटांची भिंतच स्लॅब पेलत असते.

आणि आतल्या दारातून मे महिन्यात वारा हवा असेल तर दोन्ही सोडा. पाँडिचेरीच्या गोलकोंडा वसतिगृहात, जपानमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या अँटोनिन रेमंड यांनी सागाच्या पट्ट्यांची सरकती दारं केली; त्यातून हवा जाते, नजर जात नाही. नाशिकच्या उन्हाळ्याला मला तीच पसंत आहेत.

जागा ठरवताना मामींनी केलं ते करा. त्यांनी एक जुनं पांढरं धोतर दोन खुर्च्यांच्या मधे ताणून सकाळी दहाला आणि दुपारी चारला तीन ठिकाणी धरून पाहिलं. व्हरांड्याकडे ते उजळलं, जिन्याच्या खिडकीपाशी उजळलं. देवघराच्या बोळात नुसतं कापडच दिसलं. तिथे त्यांनी फुसुमा लावला.