पॉमेरियन आणि शित्झू: एकाला विंचरायचं, दुसऱ्याला कापायचं

मार्च उजाडला की केसाळ कुत्री पाळणाऱ्या घरांत एकच विचार सुरू होतो: एवढे केस घेऊन बिचारा उकाड्यात कसा राहणार, सरळ मशीन फिरवून टाकू. त्यात आता कुत्र्यांचे केस कापायचं मशीन ऑनलाइन सहज मिळतं, त्यामुळे हे काम घरीच करायचा बेत ठरतो. शित्झूच्या बाबतीत हा बेत चांगला आहे. पॉमेरियनच्या बाबतीत मात्र तोच बेत त्याच्या अंगावरचे केस कायमचे बिघडवू शकतो. दोघंही लहान, दोघंही लांब केसांचे, त्यामुळे दोघांची निगाही सारखीच असेल असं वाटणं साहजिक आहे. पण त्यांचे केस वाढण्याची रीतच निराळी आहे, आणि घरी ग्रूमिंग शिकताना मशीनच्या आधी समजून घ्यायची गोष्ट ती आहे.

केसाच्या मुळाचं एक चक्र असतं. काही काळ केस वाढतो, मग वाढ थांबते, मग तो नुसता टिकून राहतो आणि शेवटी गळतो. शित्झूचे बहुतेक केस कोणत्याही वेळी वाढीच्या टप्प्यात असतात. म्हणून ते माणसाच्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात, डोळ्यांवर येतात, जमिनीला टेकतात, आणि घरात केस फारसे पडत नाहीत. पॉमेरियनचं उलट. त्याचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात आणि मग पुष्कळ काळ विश्रांतीच्या टप्प्यात राहतात. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतात तो बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतो. त्याचीही जातकुळी तीच, म्हणून खाली पॉमेरियनबद्दल जे आहे ते स्पिट्झलाही लागू.

पॉमेरियनच्या अंगावर दोन थर असतात. वर सरळ, जरा राठ, लांब केस आणि खाली दाट, मऊ, लोकरीसारखा थर. कमरेजवळ बोटांनी भांग पाडून पाहा. त्वचा चटकन दिसतच नाही, आधी तो फिकट लोकरी थर लागतो. शित्झूच्याही लांब केसांखाली थोडे मऊ केस असतात, त्यामुळे त्यालाही पुस्तकात दुपदरीच म्हटलेलं आढळतं आणि गोंधळ वाढतो. पण त्याचे दोन्ही थर वाढत राहतात, म्हणून त्याला कात्री आणि मशीन चालतं. थर किती आहेत यापेक्षा केस एका लांबीवर थांबतात की वाढत राहतात, हा प्रश्न महत्त्वाचा. ओळखायला सोपी खूण म्हणजे डोळ्यांजवळचे केस. ते वाढून डोळ्यांत जात असतील आणि दर महिन्या-दीड महिन्याला कापावे लागत असतील, तर कुत्रा शित्झूच्या बाजूचा. चेहऱ्यावरचे केस आपोआप आखूड राहत असतील आणि सोफ्यावर पुंजके पडत असतील, तर पॉमेरियनच्या बाजूचा. ल्हासा ॲप्सो, माल्टीज आणि पूडल पहिल्या गटात येतात. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की आणि लॅब्रॅडॉर दुसऱ्या.

पॉमेरियनला अगदी त्वचेलगत मशीन मारलं की नेमकं काय होतं? विश्रांतीत असलेल्या मुळांना केस कापला गेल्याचं कळत नाही. ती आपला काळ पुरा होईपर्यंत थांबून राहतात. त्यामुळे केस परत यायला सहा महिने ते वर्षभर लागू शकतं, काहींना दोन वर्षंही लागतात, आणि काहींच्या अंगावर पूर्वीसारखे केस पुन्हा येतच नाहीत. बऱ्याचदा खालचा लोकरी थर आधी येतो आणि वरचे राठ केस मागे पडतात. मग अंग कापसासारखं दिसतं, धूळ आणि गोखरू चटकन धरतं आणि गुंता पूर्वीपेक्षा जास्त होतो.

एवढं करून उकाड्याचा प्रश्नही सुटत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी पंजाच्या गाद्यांवर असतात, पण अंगातली उष्णता जाते ती मुख्यतः धापा टाकून, जीभ आणि श्वासावाटे. केसांचा थर गोधडीसारखा हवा धरून ठेवतो आणि बाहेरचं ऊन त्वचेपर्यंत थेट पोहोचू देत नाही. केस गेले की त्वचा उन्हात उघडी पडते. कुत्र्याला खरा त्रास होतो तो सुटलेली, मेलेली लोकर आत अडकून बसल्यामुळे, कारण मग हवा खेळत नाही. ती लोकर विंचरून काढली की वरचे केस जागेवर राहून अंग मोकळं होतं. ‘समर कट’च्या नावाखाली जे मिळवायचं असतं ते पॉमेरियनला ब्रशनेच मिळतं.

आता हे विंचरणं नीट करायचं कसं. वरवर ब्रश फिरवला तर वरचे केस चमकतात आणि आतला गुंता तसाच राहतो. नवशिक्यांची सगळ्यांत मोठी चूक हीच. बारीक, टोकाला वाकलेल्या तारांचा स्लिकर ब्रश, दोन अंतराच्या दातांचा स्टीलचा कंगवा आणि पाण्याची फवाऱ्याची बाटली एवढं पुरतं. लोकर फार असेल तर लांब दातांचा अंडरकोट रेक घ्या. गळणारे केस काढायच्या ज्या (डीशेडिंग) अवजाराला धारदार पातं असतं ते रोज वापरू नका, ते लोकरीसोबत वरचे केसही तोडतं. कुत्र्याला कुशीवर झोपवा आणि केसांवर हलकी फवारणी करा, कारण कोरडे केस तुटतात. मागच्या पायाच्या खालच्या बाजूपासून सुरुवात करा. एका हाताने केस वर धरून ठेवा आणि खालून बोटभर जाडीची एकच ओळ सोडा, त्वचेची रेघ दिसली पाहिजे. ती ओळ मुळापासून टोकाकडे विंचरा, मग पुढची ओळ सोडा. असं वर वर सरकत पाठीपर्यंत जायचं. शेवटी कंगवा त्वचेपर्यंत घालून ओढा. तो जिथे अडतो तिथे ब्रश पोहोचलेला नाही. स्लिकर दाबून घासला तर त्वचा सोलवटते. आधी स्वतःच्या हातावर फिरवून पाहा, जेवढा दाब हाताला सोसवतो तेवढाच. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि केस गळण्याच्या काळात रोज. सुरुवातीला एका बैठकीत पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. एका दिवशी एक कूस, दुसऱ्या दिवशी दुसरी.

पॉमेरियनला कात्री अजिबात लावायचीच नाही असं मात्र नाही. पंजाच्या गाद्यांमधले केस, पंजाची कड, शेपटीखालची आणि लघवीच्या जागेजवळची स्वच्छता, मांडीमागचा वेडावाकडा झुपका, एवढं बोथट टोकाच्या कात्रीने सारखं करा. शस्त्रक्रिया, त्वचेचा आजार किंवा अंगभर सुटूच न शकणाऱ्या जटा असतील तर मशीन लावावं लागतं, पण तो निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या.

शित्झूकडे वळू. घरी राखायला सगळ्यांत सोपा म्हणजे पपी कट: अंगावर सगळीकडे साधारण सारखी लांबी, चेहरा गोल. इथे क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी विंचरून गुंता काढायचा, मग आंघोळ, मग पूर्ण कोरडं करून पुन्हा कंगवा, आणि त्यानंतरच मशीन. मळक्या केसांत पात्याची धार जाते. ओलसर किंवा गुंतलेल्या केसांत मशीनवर लावायचा प्लॅस्टिकचा कंगवा अडकतो आणि पाठीवर पट्टे उमटतात. दाढीचा ट्रिमर इथे कामाचा नाही. त्याची मोटर दाट केसांत दमते आणि केस कापण्याऐवजी ओढते, आणि एकदा दुखलं की कुत्रा पुढच्या वेळी मशीनचा आवाज ऐकूनच पळतो. ट्रिमर ठेवायचाच तर गाद्यांमधल्या केसांपुरता ठेवा.

पात्यांचे नंबर उलटे चालतात, नंबर जितका मोठा तितके केस आखूड. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो, ७ एफ तीनच्या आसपास, ५ एफ सहा आणि ४ एफ नऊ-साडेनऊ मिलिमीटर. नवशिक्याने पात्यावर १३ मिलिमीटरचा कंगवा लावून सुरुवात करावी. एवढ्या लांबीत हात चुकला तरी दोन आठवड्यांत खाच भरून येते आणि पाठीचं उन्हापासून रक्षणही होतं. मशीन मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने चालवा आणि पातं त्वचेला समांतर ठेवा. उलट दिशेने गेलं की त्याच पात्याने केस बरेच आखूड होतात. बगल, मांडीपुढची त्वचेची पातळ घडी, कानाची कड आणि स्तनाग्रं या जागी कापलं जाण्याचा धोका सगळ्यांत जास्त. तिथे दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरा. दर चार-पाच मिनिटांनी पातं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. चटका जाणवला तर थांबा, तेलाचे दोन-तीन थेंब द्या आणि गार होऊ द्या. पोटावर मशीननंतर उठणारे लाल चट्टे पुष्कळदा तापलेल्या पात्याचेच असतात.

चेहरा शेवटाला ठेवू नका. तोवर कुत्रा कंटाळलेला असतो आणि नेमकी तिथेच त्याने स्थिर राहायला हवं. शित्झूचे डोळे मोठे आणि पुढे आलेले, जरा टोक लागलं तरी इजा होते. हनुवटीखालची दाढी हलकेच धरा, केस पुढे विंचरा आणि बोथट टोकाची कात्री नाकाच्या रेषेला समांतर ठेवून डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातले केस थोडे थोडे कापा. कात्रीचं टोक डोळ्याच्या दिशेला कधीच नको. पूर्ण कट पाच-सहा आठवड्यांनी, पण कंगवा आठवड्यातून तीनदा तरी हवाच. केस लांब ठेवले असतील तर रोज.

जटांच्या बाबतीत दोघांना नियम एकच: त्या आंघोळीच्या आधी सोडवायच्या. पाणी लागून वाळल्या की त्या आणखी घट्ट होतात. कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली, जांघेत आणि शेपटीच्या मुळाशी त्या आधी धरतात. मुळाशी केस चिमटीत पकडा म्हणजे त्वचा ओढली जात नाही. थोडं कॉर्नफ्लोर भुरभुरवा, बोटांनी जट फाडून लहान करा आणि टोकाकडून मुळाकडे सोडवत या. दहा मिनिटांत सुटली नाही तर हट्ट नको. १० नंबरच्या पात्याने जटेखालून तेवढीच जागा काढा, पॉमेरियनचीसुद्धा. कात्रीने जट कापायला जाऊ नका. जटेखाली त्वचा वर ओढली गेलेली असते, आणि केस समजून कातडीच कापली जाते. घरगुती ग्रूमिंगमध्ये टाके पडतात ते पुष्कळदा याच कारणाने.

आंघोळीत फरक पडतो तो भिजवण्यात आणि वाळवण्यात. कुत्र्याच्याच शाम्पूला बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पाणी घाला. आपला शाम्पू नको, कुत्र्याची त्वचा आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. पॉमेरियनचे केस पाणी आत शिरू देत नाहीत, त्यामुळे वरून भिजलेला दिसला तरी आत कोरडा असतो. बोटांनी केस उघडत कोमट पाणी त्वचेपर्यंत पोहोचवा आणि शाम्पू धुतानाही तसंच. शित्झूला टॉवेलने खसाखसा पुसलं तर तिथेच गुंता तयार होतो. टॉवेल दाबून पाणी टिपा आणि ड्रायर लावतानाच ब्रश करत राहा. ड्रायर गार किंवा अगदी कोमट, हातभर अंतरावरून. शित्झूचं नाक चपटं असल्यामुळे त्याला धापा टाकून अंग गार करणं जड जातं. तो जोरात धापू लागला की लगेच थांबा.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत, कोकणात आणि गोव्यात, पॉमेरियन वाळवणं हे खरं कष्टाचं काम. बाहेरून फुगलेला, कोरडा दिसतो, पण लोकरीत ओल राहते. दोन दिवसांत कुबट वास येतो, खाज सुटते, आणि कधी एका रात्रीत ओला, लाल चट्टा पडतो. कानामागे आणि बगलेत केस उघडून बोटांची मागची बाजू लावा. गार लागलं तर अजून ओल आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वाळवायला पुरेसा वेळ नसेल तर आंघोळ पुढे ढकला आणि नुसतं विंचरा.

पॉमेरियनला आधीच मशीन मारून झालं असेल तर केस उगवायचं तेल शोधत बसू नका. मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा, दुपारच्या उन्हात नेऊ नका आणि वाट पाहा. वर्ष होऊनही केस आले नाहीत, दोन्ही बाजूंना सारखंच टक्कल पडलं किंवा त्वचा काळवंडू लागली, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड किंवा दुसऱ्या संप्रेरकाचा बिघाडही असू शकतो आणि तो रक्ततपासणीत कळतो.

दोन्ही जातींचं मिश्रण घरात असेल तर पिल्लाकडे पाहून केस कोणावर जाणार हे सांगता येत नाही. साधारण सहा महिने ते वर्षभराच्या काळात पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात, आणि त्याच महिन्यांत जटा सगळ्यांत जास्त होतात. तोवर रोज ओळीओळीने विंचरा, डोळ्यांपुढचे आणि गाद्यांमधले केस कात्रीने काढा आणि मशीन बाजूला ठेवा. वर्षानंतर कमरेजवळ भांग पाडून पाहा, डोळ्यांजवळचे केस वाढत राहतात का तेही पाहा आणि मग ठरवा.