कानाचे दडे आणि ‘तात्पुरता’ हा शब्द

मोटरसायकलवर तीन-चार तास सुसाट येऊन हेल्मेट काढलं की आवाज कापसातून आल्यासारखे वाटतात. समोरचा बोलतोय हे कळतं, पण त्याचे ‘स’, ‘श’ गळून पडतात. कानात बारीक शीळ चालू असते. दडे बसले, म्हणतो आपण. विमानातले दडे हवेच्या दाबाचे, जांभईने सुटतात. हे सुटायला कधी रात्र जाते, कधी दोन दिवस.

गोंगाटाने माणूस बहिरा होतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं ते कायमच्या बहिरेपणाबद्दल. १८८६ मध्ये ग्लासगोचे कानाचे डॉक्टर थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले, तेही खिशातल्या घड्याळाची टिकटिक ऐकवून. त्याच सुमारास जर्मनीत रेल्वे इंजिनाच्या ड्रायव्हर-फायरमनच्या कानांवर लिहिलं जाऊ लागलं. पण संध्याकाळी येऊन सकाळी जाणारा फरक टिकटिकीत नेमका पकडणार कसा?

तो मोजता येऊ लागला १९२० च्या दशकात, ऑडिओमीटर हे श्रवण मोजणारं यंत्र आल्यावर. ऐकू येण्याचा उंबरठा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा सर्वात हळू आवाज, किती डेसिबलने सरकला आणि कधी परत आला, याचा हिशोब मांडता आला. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डमध्ये श्रवणसंशोधक हॅलोवेल डेव्हिस यांच्या गटाने स्वयंसेवकांच्या कानांवर मुद्दाम मोठे आवाज सोडले. आज कुठली समिती याला परवानगी देईल असं वाटत नाही.

गंमत म्हणजे पुढे हा तात्पुरता फरकच मोजपट्टी झाला. किती गोंगाट सोसवतो हे ठरवणाऱ्या १९६६ च्या अमेरिकी निकषांमागचं गृहीतक असं: दिवसभराच्या गोंगाटानंतर दोन मिनिटांनी जितका उंबरठा सरकलेला दिसतो, साधारण तितकंच कायमचं नुकसान दहा वर्षांनी होतं. सोयीचं खरं, पण कच्चं.

१९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये मोटरसायकलस्वारांचे कान तपासले गेले. दोष इंजिनापेक्षा वाऱ्याचा निघाला: ताशी ६० किलोमीटरला हेल्मेटच्या आत सुमारे ९० डेसिबल, १६० ला ११०. सायलेन्सर कितीही चांगला बसवा, वारा ऐकत नाही.

२००९ मध्ये अमेरिकेतले श्रवणसंशोधक शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत उंबरठा जागेवर आला, आवाज टिपणाऱ्या आतल्या कानातल्या केसपेशी शाबूत राहिल्या. पण उच्च स्वरांच्या भागात या पेशी आणि श्रवणचेता (आवाज मेंदूकडे नेणारी नस) यांच्यातले जवळपास निम्मे सांधे कायमचे गेले होते. माणसात हे किती घडतं यावर वाद चालू आहे. ऑडिओग्राम (ऑडिओमीटरच्या चाचणीचा आलेख) स्वच्छ असूनही गर्दीत बोलणं न उमगणाऱ्यांच्या तक्रारीकडे मात्र तेव्हापासून निराळ्या नजरेने पाहिलं जातं.